तुम्ही विचारलंत म्हणून: अशोकाखाली शार्क कशाला?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी लोकांना झाडं दाखवायला नेते. सीता-अशोकापाशी पोचलो की माझ्या तोंडून एका शार्कचं नाव निघतंच. मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, झाडाखाली शार्क कुठून आणलात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोघांच्याही अंगातली एकच गोष्ट माणसाला हवी आहे, आणि तीच त्यांच्या जिवावर उठली आहे. अशोकाची साल, शार्कचं यकृत.

सोसायटीच्या भिंतीलगत सरळसोट उभा असतो तो आसुपालव. आपण त्यालाच अशोक म्हणत आलो. खरा अशोक दाट, पसरट सावलीचा. त्याची कोवळी पालवी तळहातावर घ्या: तांबूस, लुळी, ओल्या रेशमासारखी. फुलांचे झुबके जून फांद्यांवर, कधी थेट खोडावर. केशरी उमलतात आणि लाल होत जातात. साल अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी जाते. जंगलात ती ओरबाडताना खोडाभोवतीचं पूर्ण कडंच सोललं, तर पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड उभ्याउभ्या वाळतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जिवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत अशोकाची नोंद 'असुरक्षित' अशी आहे.

शार्क म्हणजे गल्पर शार्क, या गटाचं शास्त्रीय नाव सेन्ट्रोफोरस. शेकडो मीटर खोल अंधारात राहणारा, मोठ्या हिरव्या डोळ्यांचा. बहुतेक माशांना तरंगायला हवेची पिशवी असते, शार्कला नसते. त्याला तोलून धरतं ते तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत. त्या तेलातला स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ क्रीममध्ये आणि काही लशींमध्ये वापरतात. केरळ, अंदमानकडे यासाठीच खोल पाण्यात गळ सोडले गेले. यातल्या काही जातींची मादी एका खेपेला एकच पिल्लू देते, तेही सुमारे दोन वर्षं पोटात वाढवून. मारण्याचा वेग याच्याशी जुळणार कसा?

खरं सांगू, मला शार्कची काळजी जास्त वाटते. अशोकाचं रोप नर्सरीत मिळतं, आमच्या गेटजवळ मी एक लावलंयही. शार्कचं रोप कुठून आणू? त्याला मराठीत नावसुद्धा नाही. दादरच्या बाजारात माझ्या नेहमीच्या कोळीणमावशींना मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी ते हिरवे डोळे बराच वेळ निरखले नि म्हणाल्या, "ही आपली मोरी न्हाय गो." मोरी म्हणजे बाजारात येणारा नेहमीचा शार्क.

स्क्वालीन ऑलिव्हपासूनही मिळतं. म्हणून क्रीम घेताना मी डबी उलटी करून वाचते. ते कशापासून काढलंय हे लिहिलेलं नसेल, तर डबी परत फळीवर ठेवते.