सागरेश्वरचा मनोरा आणि आप्पांची विहीर

रविवार, रात्रीचे साडेनऊ.

आज पहाटे सहाला सांगली सोडली आणि दुपारी दोनच्या आत घरी परत आलो. पोटऱ्या अजून ठणकत आहेत, आणि पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे हे दुखणे चढण्याचे नसून घाबरून पाय आवळून धरल्याचे आहे. तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

सहलीला कारण घडले ते आप्पांचे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून माझे सासरे महिनाभर आमच्याकडे होते. काल डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून त्यांना गावी जायला मोकळे केले, तेव्हा आज त्यांना कडेगाव तालुक्यातल्या घरी पोहोचवायचे ठरलेच होते. वाटेत सागरेश्वरचा डोंगर चढून मनोऱ्यावर जाऊ, ही कल्पना पत्नीची. आप्पांना ती मुळीच पटली नाही. "सकाळ-संध्याकाळ दिसतोय त्यो डोंगर, त्याला काय बघायला जायचं?" असे म्हणून ते पिशवी भरू लागले. जन्म ज्या डोंगराच्या छायेत गेला, त्याच्या माथ्यावर हा माणूस कामाखेरीज कधी गेलाच नव्हता.

माधवनगर मागे टाकून पलूसच्या वाटेला लागलो तेव्हा धुके इतके दाट होते की, समोरच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची तेवढी दिसत होती, आणि तिच्यातून लोंबणारे उसाचे वाढे आमच्या काचेपर्यंत येत होते. हंगाम भरात आहे. किर्लोस्करवाडीपाशी उजाडले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा हा माळ दिला. निवडुंग आणि साप यांखेरीज येथे फारसे काही नव्हते. पुढे स्टेशनाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. लहानपणापासून ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की, ती ऐकताना मी लक्ष देणे सोडले होते. आज मात्र ती पुन्हा आठवावी असे पुढे घडले.

अभयारण्याच्या फाटकाशी नाव नोंदवून, तिकीट काढून आम्ही चालू लागलो. सागरेश्वरचे अभयारण्य १९८५चे आहे आणि त्याचे क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर आहे. कोयना-चांदोलीच्या अरण्यांपुढे हा आकडा अंगणाएवढाच वाटतो, परंतु ती अरण्ये आपोआप उगवलेली आहेत आणि हे माणसांनी लावलेले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन या बोडक्या डोंगरावर झाडे वाढवण्यासाठी लोकांना आणि सरकारला मागे लावून घेतले. सांबर, चितळ, काळवीट यांपैकी बहुतेक प्राणीसुद्धा बाहेरून आणून येथे सोडलेले आहेत. आम्हांला त्यांतले एकही दिसले नाही. वाटेवर लेंड्या होत्या, एका ओहोळाच्या काठी खुरांचे ठसे होते आणि मोरांचा आवाज सतत येत होता, तरी मोर एकच दिसला आणि तोही पाठमोरा.

चढ अवघड नाही. कडुलिंब, बाभूळ, खैर आणि हिवर यांतून वाट वर जाते. झाडे फार उंच नाहीत आणि सावली विरळ आहे. आप्पा दोन वळणांपर्यंत गप्प होते. तिसऱ्या वळणावर ते थांबले आणि काठीने खालची एक घळ दाखवत म्हणाले, "हितं झाड नव्हतं. एकबी." मग त्यांनी १९७२ सांगितले. त्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते. शाळा सुटली आणि आईबरोबर ते खडी फोडायला जाऊ लागले. कामावर सुकडी म्हणजे पौष्टिक पीठ मिळे आणि घरी लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी असे. त्या भाकरीच्या चवीविषयी त्यांनी जे शब्द वापरले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. त्या वर्षी जनावरे घेऊन ते या डोंगरावर आले होते, तेव्हा पायथ्याचा माणूस माथ्यावरून मुंगीसारखा स्पष्ट दिसे, कारण मध्ये आडवे येणारे काही नव्हतेच. दहा हातांवरची सांबरे आज आम्हांला दिसली नाहीत त्याचे कारण त्यांनीच असे न सांगता सांगून टाकले.

मनोरा धारेवर उभा आहे. खालून तो किरकोळ वाटतो, पायरीवर पाय ठेवला की वाटत नाही. लोखंडी पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसते आणि प्रत्येक वळणावर ती अधिक दूर गेलेली असते. मन दुसरीकडे वळवण्यासाठी मी पायऱ्या मोजायला घेतल्या आणि एकोणिसाव्या पायरीला मोजदाद विसरलो. पत्नी केव्हाच वर पोहोचली होती. मी मधल्या टप्प्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि जणू दृश्य पाहण्यासाठीच थांबलो आहे असा चेहरा केला. वारा जोराचा होता. पत्नीने वरून एवढेच सांगितले की, खाली पाहू नका, लांब पाहा. हा सल्ला मला सगळेच देतात आणि आजवर तो उपयोगी पडलेला नव्हता. आज पडला, कारण लांब पाहण्यासारखे खरोखरच बरेच होते.

नैर्ऋत्येकडे धुके फाटत होते आणि त्यातून कृष्णा वर येत होती. एरवी आम्ही सांगलीकर नदी घाटावरून पाहतो किंवा पुलावरून. ती नेहमी आपल्या पायांशी असते. येथून ती उसाच्या हिरव्या पट्ट्यात कुठे कुठे चकाकणारी, वळणे घेत जाणारी, अगदी निरुपद्रवी रेघ दिसत होती. पश्चिमेला मच्छिंद्रगडाची टेकडी सपाटीवर एकटीच उभी होती. बह्याचे बेट, जेथे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे, तेवढे मला ओळखता आले नाही. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला पांढरा धूर सरळ वर न जाता आडवा पसरत होता. ताकारी स्टेशनाच्या बाजूने एक गाडी मिरजेकडे निघाली होती. तिचा आवाज आमच्यापर्यंत बराच मागाहून पोहोचे. याच लोहमार्गावर पलीकडे शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली होती, आणि त्या लोकांचे ठाणे असलेले कुंडल आमच्या दक्षिणेला होते. पाठ्यपुस्तकात या दोन गावांची नावे एका वाक्यात येतात. मधले अंतर पायी, तेही रात्री, किती असेल याचा अंदाज मला मनोऱ्यावर उभे राहून प्रथमच आला.

त्या रेघेकडे पाहताना मला आमच्या जिन्याची भिंत आठवली. आमचे घर गावभागात आहे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ते आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर होते, आणि त्या खुणेची पेन्सिलची रेघ मी अजून पुसू दिलेली नाही. सांगलीत पावसाळ्यात कोणी कोणाला नुसते "किती?" असे विचारले तरी प्रश्न फुटांचा आहे हे समजते. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे शाळेतली मुलेही सांगतात. नदी हा आम्हांला एक आकडा आहे, तो वाढतो तेव्हाच आमचे लक्ष जाते, आणि उतरला की पुढच्या जुलैपर्यंत आम्ही त्याला विसरतो. हे मी दोषाच्या भावनेने लिहीत नाही. ज्याच्या गाद्या आणि कागदपत्रे गाळात गेली आहेत त्याला नदीकडे दुसऱ्या रीतीने पाहणे जमत नाही. मात्र आम्ही माडीवर अडकून नावेची वाट पाहत होतो त्याच आठवड्यांत आमच्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर सुरू होते, हे वर्तमानपत्रात वाचूनही मला कधी खरे वाटले नव्हते. एकाच जिल्ह्यात या दोन गोष्टी कोठे भेटतात, ते डोळ्यांना कळत नव्हते.

त्या भेटतात या धारेवर. मी कठडा न सोडता हळूहळू वळलो आणि ईशान्येला पाहिले, तर रंगच बदललेला होता. तिकडे पिवळट माळ, ज्वारीची शेते, मध्येच एखादा हिरवा तुकडा, पुन्हा माळ, आणि क्षितिजापर्यंत उघड्या टेकड्या. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस पाडून ढग इकडे येतात तेव्हा त्यांच्यापाशी फारसे उरलेले नसते. जिल्ह्याच्या पूर्वेला वर्षाचे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाले तरी लोक बरे म्हणतात. कृष्णा या माळापासून अगदी जवळून वाहते, पण ती खाली आहे आणि मध्ये हा डोंगर आहे.

एवढ्यात पायऱ्या वाजल्या. खाली बाकावर बसतो म्हणून सांगितलेले आप्पा काठी खाली ठेवून, चपला काढून, वर चढून आले होते. माझ्या बाजूने जाताना त्यांनी माझे कठड्यावरचे हात पाहिले आणि "व्हा बाजूला, पाव्हणं," असे सौजन्याने म्हणून ते पुढे गेले. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आधी डावा डोळा झाकून आणि मग उजवा डोळा झाकून गावाकडे पाहिले. नव्या डोळ्याची ती चाचणीच होती. मग ते मोठ्याने म्हणाले, "ती बघा आमची हीर!" आम्हां दोघांना दिसले ते एक चिंचेचे झाड आणि त्याशेजारचा हिरवा चौकोन. विहीर दिसणे शक्यच नव्हते. परंतु तिच्यामुळे हिरवे झालेले दिसत होते, आणि आप्पांच्या लेखी ते एकच होते. ते पाहण्यासाठी तरी मला वर जाणे भाग पडले; उरलेल्या पायऱ्या मी कशा चढलो ते आठवत नाही.

त्या विहिरीचा इतिहास मी लग्नापासून ऐकत आलो आहे. ती तीनदा खोल केली, दोनदा कर्ज काढून, आणि तरीही ती फेब्रुवारीत तळ दाखवी. तिला पाणी राहू लागले ते ताकारी उपसा सिंचन योजनेमुळे. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून डोंगरापलीकडे नेणारी ही योजना कागदावर जुनी होती. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने ठरवून दिलेले पाणी २०००पर्यंत वापरात आणले पाहिजे म्हणून १९९६मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि अशा रखडलेल्या कामांना वेग आला. आप्पांना लवाद ठाऊक नाही. त्यांना आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, ठाऊक आहे. रब्बीचे आवर्तन कधी सुटणार, शेवटच्या गावापर्यंत पोहोचणार की वरचेच लोक ओढून घेणार, वीजबिल थकले म्हणून पंप बंद तर पडणार नाहीत, बिलातले शासनाचे एक्क्याऐंशी टक्के आणि शेतकऱ्यांचे एकोणीस टक्के यांतले कोणाचे भरायचे राहिले आहेत, हे सारे ते मनोऱ्याच्या कठड्याला टेकून, वाऱ्यावर आवाज चढवून सांगत होते. ज्या नदीला मी फुटांत मोजतो तिला ते दिवसांत मोजतात. "तुमच्याकडं आल्यालं पाणी आमच्याकडं लोटता आलं आस्तं तर," असे ते २०१९मध्ये फोनवर म्हणाले होते आणि तेव्हा, माडीवर मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या मला, त्यांचा फार राग आला होता. आज मी त्यांना ते आठवून दिले. त्यांना आठवत नव्हते, किंवा आठवत नसल्याचे त्यांनी दाखवले.

उतरताना मनोऱ्याच्या माचाखाली आग्यामोहोळाची जुनी काळी खूण दिसली. मोहोळ नव्हते, पण ती चढताना दिसली असती, तर मी वर गेलोच नसतो.

पुढे सागरेश्वराच्या देवळात गेलो. श्रावणी सोमवारी येथे पाय ठेवायला जागा नसते. आज मुख्य देवळात आणि भोवतीच्या लहानलहान देवळांत मिळून दहाबारा माणसे होती. दगडी ओट्यावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्ले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ आणि जन्मगाव. ते घर पाहायचे मनात होते, पण आप्पांना आता गावाची ओढ लागली होती, म्हणून ते पुन्हा कधीतरी पाहायचे ठरवले.

गावाच्या अलीकडे आप्पांनी गाडी थांबवायला सांगितले. रस्त्याकडेच्या पोटपाटाला पाणी होते. ते महिनाभर सांगलीत असताना आवर्तन सुटले होते, आणि ही बातमी कोणी आपल्याला फोनवर कशी दिली नाही याबद्दल त्यांनी गावातल्या दोघातिघांना तेथूनच नावे ठेवली. मग ते काठावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात पाय सोडले आणि मला बोलावले. पाणी गढूळ आणि चांगलेच गार होते. "तुमच्याकडचंच हाय की," ते म्हणाले. मी बूट काढले आणि त्यांच्या शेजारी बसलो. घरी पोहोचायला त्यामुळे वीस मिनिटे उशीर झाला, आणि माझे एका पायातले मोजे तिथेच काठावर राहिले.