नव्या ट्रेलरचे अर्धेच ब्रेक: माझा अनुभव

चारही चाकांना ब्रेक असलेला कोरा करकरीत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घेतला आणि पहिले अडीच महिने तो दोन चाकांच्या ब्रेकवर चालला. मी पहिल्या आठवड्यापासून सांगत होतो की ब्रेक कमी पडतायत, आणि सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी ट्रेलर ठीक आहे म्हणून परत पाठवत होते. जॉब कार्डवर शब्द ठरलेले, "दोष आढळला नाही". काम होऊन महिना झाला तरी ते आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

खरेदी, कागदपत्रं, हिच (ट्रेलर गाडीला अडकवायची जोडणी) बसवणं, गाडीत ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकना करंट सोडणारं यंत्र) लावणं, यातलं काहीच अडलं नाही. पहिल्याच मोठ्या उतारावर मात्र पोटात गोळा आला. ब्रेक दाबला की गाडी थांबायला बघतेय आणि मागून ट्रेलर रेटतोय, बायको शेजारी बसली होती, तिलाही ते जाणवलं. कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवत वाढवत पार टोकाला नेला तेव्हा कुठे जरा बरं वाटलं, पण मग जोरात ब्रेक लागला की ट्रेलरच्या पुढच्या ॲक्सलची चाकं जाम होऊन घासत जायची आणि जळक्या रबराचा वास यायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या ट्रेलरचे ब्रेक इलेक्ट्रिक असतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक मॅग्नेट असतं, कंट्रोलरने करंट सोडला की ते फिरत्या ड्रमला चिकटतं, ड्रमबरोबर थोडं ओढलं जातं आणि त्याच्या आर्मने ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. ब्रेक ऑइलचा काही संबंधच नाही, सगळी मदार वायरवर. माझ्या ट्रेलरला दोन ॲक्सल, म्हणजे चार मॅग्नेट.

पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, सर, नवीन शू आहेत, रुळायला वेळ लागतो. हे खरंच आहे, खोटं नाही, नवीन शू ड्रमला नीट बसायला थोडं चालवावं लागतं आणि साधारण पहिल्या 300 किलोमीटरनंतर ॲडजस्टमेंटही करावी लागते (बॅकिंग प्लेटच्या खाचेतून दातेरी चाक फिरवून शू ड्रमला टेकवायचे आणि मग चाक किंचित घासत पण मोकळं फिरेल इतपत सैल करायचे). त्यांनी ती करून दिली, मी विश्वास ठेवला आणि घरी आलो. फरक शून्य.

दुसऱ्यांदा ट्रेलर त्यांच्याकडेच ठेवून घेतला. तीन आठवडे! ठरलेली सहल रद्द केली, मुलांची तोंडं बघवत नव्हती, मी दर दोन दिवसांनी फोन करायचो आणि तिकडून टेक्निशियन बघतोय, उद्या सांगतो. शेवटी हातात आलेल्या जॉब कार्डवर चार गोष्टी लिहिलेल्या होत्या: पुढच्या प्लगवर 12 व्होल्ट येतायत, मागच्या चाकापाशी 12 व्होल्ट येतायत, कंट्रोलरवर ट्रेलर जोडल्याचा दिवा लागतोय, ब्रेकअवे स्विच चालतोय. आणि खाली तोच शिक्का.

मला राग याचा आहे की या चारही गोष्टी खऱ्या होत्या आणि तरीही मागचे दोन ब्रेक जवळजवळ मेलेले होते. चारातली एकही तपासणी मागचा ब्रेक खरोखर पकडतोय का हे बघतच नव्हती. कंट्रोलरचा दिवा बघा, चारातलं एक मॅग्नेट जरी जोडलेलं असलं तरी तो लागतो. ब्रेकअवे स्विच, म्हणजे ट्रेलर हिचवरून सुटला तर दोरीने पिन ओढली जाऊन ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात तो, त्याची पिन ओढली की ट्रेलर अडतो हे खरं, पण आवारात उभा असलेला ट्रेलर अडवायला पुढचे दोन ब्रेक पुरेसे होतात. आणि व्होल्टचं तर विचारूच नका. टेक्निशियनने मागच्या मॅग्नेटची वायर सोडवली, तिला मल्टिमीटर लावला, 12 आले, झालं समाधान. मीटरला करंट लागतच नाही, त्यामुळे वायरचा एखादा तंतू जरी कुठे टेकलेला असला तरी मीटर 12 दाखवणारच. नळाला पाणी दिसतं पण बादली भरायला लावली की थेंब थेंब पडतं, तसं. मॅग्नेट जोडलेलं ठेवून मोजलं असतं तर तिथे 12 राहिलेच नसते. हे मी त्या काउंटरवर उभं राहून समजावलं, तर समोरचा म्हणाला की आमच्या चेकलिस्टमध्ये एवढंच आहे.

तिसरी फेरी तर कागदांचीच. आता म्हणे ब्रेक ॲक्सल बनवणाऱ्या कंपनीचे, वॉरंटी त्यांची, तुम्ही त्यांच्याशी बोला. ॲक्सलवाल्यांशी बोललो तर ते म्हणाले चाकापर्यंतचं वायरिंग ट्रेलर बनवणाऱ्याचं, आमचं नाही. ट्रेलर बनवणारे म्हणाले दोष काय ते आधी सर्व्हिस सेंटरने लिहून द्यायला पाहिजे. आणि सर्व्हिस सेंटर लिहून देतंय की दोषच नाही. दोन आठवडे या तिघांमध्ये मी चेंडूसारखा फिरलो. प्रत्येक जण गोड बोलत होता आणि ट्रेलर उतारावर मला ढकलतच होता.

मग ठरवलं की आपणच मोजायचं. पहिलं काम, थोडं चालवून आणून चारही ड्रमवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. पुढचे दोन 90 च्या वर, मागचे 40 च्या आसपास. आकडे राहू द्या, नुसता हात जवळ नेला तरी कळत होतं, पुढच्या चाकांकडून धग येत होती आणि मागची चाकं नुसती कोमट. त्या क्षणी मला खात्री पटली. मग बायकोला गाडीत बसवलं, कंट्रोलरचा हाताने दाबायचा लीव्हर पूर्ण दाबून धरायला सांगितला आणि मी एकेका चाकाला कान लावला. माझ्या कंट्रोलरवर करंट गेला की मॅग्नेट घुमतं, माशी बाटलीत अडकल्यासारखं. पुढे दोन्हीकडे स्पष्ट घूं घूं, मागे कान टायरला टेकवला तरी नीट ऐकू येईना. आवाज येत नसेल तर होकायंत्र चाकाजवळ धरा, मॅग्नेट जागं झालं की सुई हलते.

शेवटचं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे क्लॅम्प मीटर, वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. माझ्या साइझच्या मॅग्नेटला प्रत्येकी साधारण 3 ॲम्पिअर लागतात, चारांना मिळून 12. सात पिनी प्लगकडून येणाऱ्या ब्रेकच्या निळ्या वायरभोवती क्लॅम्प लावला, गेन फुल, लीव्हर फुल. आकडा 7. मीटर घेताना बघून घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, ते इथे काही कामाचे नाहीत, डीसी मोजणारा पाहिजे. मी शेजाऱ्यांकडून मागून आणला.

हे सगळं व्हिडिओत घेतलं, सलग, मध्ये कट न करता, आधी मीटर मग कंट्रोलर मग चाकं. तिघांनाही एकाच मेलमध्ये पाठवलं आणि एकच प्रश्न लिहिला, 12 च्या जागी 7 का? तोपर्यंत मी "ब्रेक कमी लागतात" असं सांगत होतो आणि त्यावर प्रत्येकाला काहीतरी बोलता येत होतं. या आकड्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

या वेळी मी ट्रेलर सोडून आलो नाही, तिथेच उभा राहिलो. दुसरा, वयाने मोठा टेक्निशियन होता, त्याने व्हिडिओ शांतपणे बघितला आणि काही न बोलता खाली गेला. पुढच्या ॲक्सलपाशी मागे जाणारी वायर जिथून फुटते तो जॉइंट त्याने बोटाने वाकवला आणि मला हाक मारली. दाबून बसवलेल्या त्या कनेक्टरची प्लास्टिकची टोपी एका बाजूने करपून तपकिरी झाली होती. उघडल्यावर दिसलं की वायरचं आवरण पूर्ण सोललेलंच नव्हतं, कनेक्टर आवरणावरच दाबलेला, आणि तांब्याचे जेमतेम दोन-तीन तंतू आत टेकलेले. सगळा करंट तिथेच अडून गरम होत होता. त्याने वायर कापली, नीट सोलली, नवीन जॉइंट दाबला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. वेळ लागला 10 मिनिटं. अडीच महिने आणि 10 मिनिटं! क्लॅम्प लावला, 11.8. मला खरंच गहिवरून आलं, त्या माणसाचा हात धरून आभार मानले.

एक सांगायचं राहिलं, चाक उचलून तपासणार असाल तर आधी बाकीच्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा, जॅक ॲक्सलच्या नळीखाली न लावता फ्रेमखाली लावा, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रेलरखाली अजिबात शिरू नका. ब्रेकअवेची पिन ओढून बघताना गाडीचा प्लग काढून ठेवा, नाहीतर कंट्रोलर बिघडू शकतो. आणि दुरुस्ती झाली की लगेच गेन कमी करा. मी विसरलो होतो आणि गेटबाहेर पहिल्याच ब्रेकला चारही चाकं एकदम जाम झाली. मग मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगात लीव्हर दाबून दाबून, चाकं जाम व्हायच्या थोडं अलीकडे गेन आणून ठेवला, आता तो निम्म्याच्या जरा वर आहे.

पुढच्या शूंचं भांडण मात्र वेगळं करावं लागलं. अडीच महिने त्या दोन चाकांनी चौघांचं काम केलं, उघडून बघितल्यावर शूवरचं लायनिंग (ड्रमला घासणारा थर) काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. ते म्हणाले शू झिजतातच, वॉरंटीत बसत नाहीत. मी जॉब कार्डवर टेक्निशियनकडून "जॉइंट सदोष, मागील ॲक्सलला करंट अपुरा" असं लिहून, सही करून घेतलं होतं, तो कागद पुढे केला. आणखी दोन मेल आणि एक फोन झाला, आणि गेल्या आठवड्यात दोन्ही चाकांचे शू फुकट बदलून मिळाले.