दांडियाच्या रात्री फ्लॅश आणि १/८ सेकंद

परवा डोंबिवलीत एका मैदानावर दांडिया टिपायला गेले होते. सुरुवातीला सवयीने शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा, १/२०० सेकंदच उघडा ठेवून फ्लॅश मारत राहिले. चेहरे लख्ख, पण मागे काळोख. माळा, एलईडी, धूर सगळं गायब! फ्लॅशचा उजेड क्षणार्धात येऊन जातो, तो पडद्याच्या वेगावर अवलंबून नसतो. त्याला आवरायचं अॅपर्चरने, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान-मोठं करून, किंवा त्याची ताकद कमी करून. शटर ठरवतं ते आजूबाजूचा उजेड किती साठणार हे.

मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००, अॅपर्चर एफ/५.६, शटर १/८ सेकंद आणि फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६. रिअर कर्टन सिंकही लावलं, म्हणजे फ्लॅश शेवटी उडतो आणि प्रकाशाच्या रेघा माणसाच्या मागे राहतात. पुढे राहिल्या तर नाचणारी उलटी चालल्यासारखी वाटते, मला ते अजिबात आवडत नाही. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) हवंच, नाहीतर पिवळ्या दिव्यांत चेहरे निळसर पडतात.

गिरकी सुरू झाली की मीही कॅमेरा तिच्याबरोबर फिरवते. दहातले आठ फोटो वाया जातात. पण एकात घागऱ्याचं चक्र विरघळलेलं, टिपऱ्यांच्या सोनेरी रेघा आणि मधोमध नाचणाऱ्या एका काकूंचं घामेजलेलं, स्पष्ट हसू. तो फोटो मी त्यांना रात्रीच पाठवला.