स्कोअरबुक माझ्याकडे असायचं

आमच्या वेळी शाळेच्या क्रिकेट टीममध्ये मुली नव्हत्या. खो-खो खेळा, लंगडी खेळा, नाहीतर कडेला बसा. माझं अक्षर बरं, म्हणून सरांनी स्कोअरबुक माझ्या हातात दिलं. धाव नाही तर टिंब. ओव्हर निर्धाव गेली की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, ही त्यातली खरी गंमत. बॅट मात्र कधी हातात आली नाही. त्याचा राग अजून आहे, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात लिहिते आहे म्हणून तो लपवणार नाही.

पुढे माधवनगरच्या स्मृती मानधनाचं नाव पेपरात येऊ लागलं. 2013 मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध 19 वर्षांखालच्या सामन्यात 150 चेंडूंत नाबाद 224! भावाने राहुल द्रविडकडून मिळवलेल्या बॅटने. सांगलीत जो तो तेच बोलत होता. मला विचाराल, तर त्या 224 पेक्षा पुढच्या वर्षीच्या, इंग्लंडमधल्या वर्म्सलीतल्या 51 धावा भारी. भारताच्या बायका आठ वर्षांनी कसोटी खेळत होत्या, संघात आठ जणी नवख्या, ही त्यांतलीच एक, आणि चौथ्या डावात 181 हव्या होत्या. इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं.

2017 चा वर्ल्ड कप तर स्कोअररच्या डोळ्यांनीच बघावा. गुडघ्याच्या दुखापतीतून उठून आली, पहिल्या दोन डावांत 90 आणि नाबाद 106. मग सात डाव मिळून 36. लॉर्ड्सच्या फायनलला भोपळा, आणि आपण नऊ धावांनी हरलो. लोक 106 लक्षात ठेवतात. वहीत मात्र ते 36 सुद्धा त्याच शाईने लिहिलेले असतात.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत वर्ल्ड कपची फायनल होती तेव्हा मी टीव्हीसमोर जुनी वही घेऊनच बसले. घरातले हसले, हसू देत. शेफाली वर्माबरोबर 104 ची सलामी, त्यात स्मृतीचे 58 चेंडूंत 45. त्या स्पर्धेत तिच्या एकूण 434 धावा झाल्या. दक्षिण आफ्रिका 52 धावांनी हरली.

शाळेत आता मुलींची टीम आहे, असं ऐकते. त्यांना स्कोअरर लागत असेल तर मी रविवारी मोकळी असते. पण आधी दोन ओव्हर बॅटिंग द्यावी लागेल.