शालीवरचा आकडा

"उद्या शाल विसरू नकोस," शुक्रवारी ऑफिस सुटताना सहकारी म्हणाले.

जर्मनीत येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. उल्ममधल्या शिकवणीत क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायला शिकत होतो. ते आपल्याकडेही शेवटीच येतं, म्हणून मराठी शाळेतल्या बाईंना रोज मनोमन दुवा देत होतो. पण 'शाल' कानावर पडल्यावर क्षणभर वाटलं, हे मराठीतच बोलले. जर्मन माणूस मफलरला 'शाल'च म्हणतो. मूळ शब्द फारसी. एक वाट धरून तो आपल्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेने, इंग्रजीच्या हाताला धरून, तिकडे गेला. आपल्याकडे तो खांद्यावर पडतो, तिकडे थंडीमुळे गळ्याला आवळतात, इतकाच फरक.

रात्री फोनवर आईला सांगितलं, "उद्या हायडेनहाइमला मॅचला चाललोय. तिथं शाल घ्यायची आहे."

"कुणाचा सत्कार आहे?" आई म्हणाली. "आणि नारळ?"

हे सहकारी माझ्या वडिलांच्या वयाचे. मला तू म्हणतात आणि मीही त्यांना तूच म्हणावं असा त्यांचा आग्रह. कोल्हापुरात वाढलेल्या जिभेला ते अजून जमत नाही, म्हणून मी वाक्यं अशी फिरवतो की सर्वनामच येऊ नये. ते मूळचे हायडेनहाइमचे. उल्महून ब्रेन्त्स नदीच्या काठाकाठाने रेल्वे जाते. गाव म्हणाल तर पन्नास हजार वस्तीचं, श्वाबियन आल्ब या डोंगराळ भागातलं. स्टेशनावर उतरलं की वर टेकडीवर हेलेनश्टाइनचा किल्ला दिसतो आणि त्याच टेकडीवर, किल्ल्याच्या मागे, मैदान. समुद्रसपाटीपासून ५५५ मीटर. जर्मनीतल्या व्यावसायिक फुटबॉलचं सगळ्यात उंचावरचं मैदान म्हणून हा आकडा तिथे कौतुकाने सांगतात. आमचं कोल्हापूरही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, पण ते कुणी सांगावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. आमच्या शेजारी पन्हाळा आहे ना.

चढ दमवणारा होता. वर पोचल्यावर मी लाल-निळी शाल घेतली. एका टोकाला क्लबचं नाव, दुसऱ्या टोकाला मोठ्या अक्षरांत १८४६.

"हे काय?"

"स्थापना."

माणूस रांगेत उभा असला की हिशेब करतो. मी बियरच्या रांगेत उभा होतो. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये लिहिले गेले १८६३ मध्ये. जर्मनीत हा खेळ आला १८७४ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या एका शाळेत कोनराड कोख नावाच्या मास्तरांनी पोरांपुढे बॉल टाकला तेव्हा. म्हणजे हा क्लब खेळाच्या नियमांपेक्षा सतरा वर्षांनी थोरला. बारसं आधी आणि लग्न मागाहून, असला प्रकार. ग्लासची अनामत भरून, दोन ग्लास सांभाळत मी परत आलो आणि हा हिशेब सहकाऱ्यांपुढे ठेवला. ते हसले नाहीत. श्वाबियन माणूस आकड्यांवर हसत नाही.

"तेव्हा फुटबॉल नव्हता," ते म्हणाले. "टुर्नेन होतं."

टुर्नेन म्हणजे सिंगल बार, डबल बार, लाकडी घोडा, उड्या आणि कोलांट्या. फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या गृहस्थाने १८११ मध्ये बर्लिनबाहेरच्या हाझेनहाइडे माळावर पोरं जमवून ते सुरू केलं. नेपोलियनला हुसकावायचं तर अंगात रग हवी, हा हेतू. पुढे नेपोलियन गेला, पण रग राहिली, आणि तीच आपल्या राजेलोकांना खुपायला लागली. प्रशियाने हा व्यायाम बंद केला तो पार १८४२ पर्यंत. बंदी उठल्यावर गावोगावी व्यायाममंडळं निघाली. हायडेनहाइमचं मंडळ १८४६ चं. तिथे जमणाऱ्यांनी अंग कमावलं, झेंडा केला, बहुधा वादही घातले. फुटबॉल काय असतो ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

तोपर्यंत मी परका होतो, इथे मात्र एकदम घरी आलो. कारण ही तर तालीम! कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला आमच्या फुटबॉल संघांची नावं नेहमी कोड्यात पाडतात. पाटाकडील तालीम मंडळ म्हणजे पीटीएम, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. तालमीत कुस्ती असते, तिथे फुटबॉल कुठून आला? आला असा, की लाल मातीत घाम गाळणारी पेठेतली पोरं होतीच, पेठेची ईर्षाही होतीच, कुणीतरी बॉल आणला. संघाला नवं नाव देण्याची गरजच पडली नाही. शाहू स्टेडियममध्ये पीटीएम आणि दिलबहारची मॅच ज्याने पाहिली आहे, त्याला १८४६ चं कोडं समजावून सांगावं लागत नाही. आधी तालीम असते. बॉल नंतर येतो.

फरक एवढाच, की कोल्हापुरात मातीने बॉलला मुकाट्याने जागा दिली. जर्मनीत मात्र भावकीचं भांडण झालं. टुर्नेनवाल्यांना फुटबॉल म्हणजे इंग्रजांकडून आलेली साथ वाटायची. श्टुटगार्टमधल्या कार्ल प्लांक नावाच्या व्यायामशिक्षकाने १८९८ मध्ये एक पुस्तिकाच छापली आणि त्यात या खेळाला चक्क 'इंग्रजी रोग' म्हटलं. बॉलला लाथ मारताना माणूस माकडासारखा वाकतो, हा त्याचा एक मुद्दा. मला या मास्तरांचं चित्र स्वच्छ दिसतं. असे मास्तर आमच्या शाळेतही होते, फक्त त्यांचा राग क्रिकेटवर होता. पुढे १९२०च्या दशकात व्यायामवाल्यांच्या देशव्यापी संघटनेने फर्मान काढलं, की व्यायामवाले आणि फुटबॉलवाले यांनी वेगळी चूल मांडावी. गावोगावचे क्लब फुटले. याला त्यांनी नाव काय द्यावं? 'स्वच्छ फारकत'.

हायडेनहाइममध्येही असंच तुटत-जुळत राहिलं. १९११ मध्ये फुटबॉल आला, नावं बदलली, १९७२ मध्ये दोन क्लब एकत्र होऊन हायडेनहाइमर श्पोर्टबुंड झाला. एका छपराखाली बरेच खेळ. मग १ जानेवारी २००७ ला फुटबॉलवाले पुन्हा वेगळे निघाले आणि नवा क्लब नोंदवला, १. एफसी हायडेनहाइम १८४६.

या नावापुढे मी थोडा वेळ थांबतो. जन्म २००७ चा. वेगळं होताना पोराने घरातून आजोबांच्या फोटोसारखा १८४६ उचलून आणला. आणि पुढे लावला 'एक'. जर्मनमध्ये आकड्यापुढे टिंब दिलं की 'पहिला' असं वाचतात. म्हणजे घरातलं शेंडेफळ, पाटीवर लिहितं 'पहिला', आणि वय सांगतं दीडशेच्या वर. पुण्याच्या मिठाईवाल्यालाही इतकं जमलं नसतं.

अर्थात ही खोड सगळ्या देशाला आहे. शाल्के ०४, माइन्त्स ०५, हॅनोव्हर ९६, डार्मश्टाट ९८, म्युनिकचे १८६०. सुरुवातीला टीव्हीच्या कोपऱ्यात 'शाल्के ०४' दिसलं की मी ते गोल समजायचो. बोखुमवाले १८४८ लावतात आणि तेही व्यायाममंडळाचंच साल. आकड्याचा सगळ्यात मोठा सोस मात्र हँबुर्गवाल्यांचा. त्यांच्या स्टेडियममध्ये भलं मोठं घड्याळ होतं. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन फुटबॉलचा सगळ्यात वरचा वर्ग, सुरू झाल्यापासून आपण किती वर्षं, किती दिवस, किती सेकंद अखंड वरच्या वर्गात आहोत, हे ते दाखवायचं. २०१८ च्या मे महिन्यात ते नापास झाले. घड्याळ ५४ वर्षांवर आणि काही महिन्यांवर थांबलं आणि नंतर काढून टाकलं.

हे मध्येच सांगायचं कारण २८ मे २०२३. त्या दुपारी दुसऱ्या डिव्हिजनचा शेवटचा सामना होता. हायडेनहाइम रेगेन्सबुर्गमध्ये खेळत होतं आणि ०-२ ने मागे पडलं होतं. वर जायच्या त्याच जागेसाठी झगडणारं हँबुर्ग तिकडे झांडहाउझेनला १-० ने जिंकलं. सामना संपला, प्रेक्षक मैदानात उतरले, लोक रडले, पाठी थोपटल्या. पाच वर्षांनी वरच्या वर्गात! रेगेन्सबुर्गमध्ये अजून जादा वेळ चालू आहे, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात राहणार? हायडेनहाइमने एक गोल फेडला होता. ९३व्या मिनिटाला यान-निकलास बेस्टेने पेनल्टी मारली, २-२. आणि ९९व्या मिनिटाला टिम क्लाइनडीन्स्टने तिसरा गोल घातला. हायडेनहाइम नुसतं वर गेलं नाही, पहिल्या नंबराने गेलं. नावापुढचा 'एक' त्या दिवशी पहिल्यांदा रास्त वाटला.

मी तो सामना सहकाऱ्यांच्या घरी पाहिला. शेवटचा गोल झाला तेव्हा ते उठले, खिडकी उघडली, बंद केली आणि परत बसले. मी आरडाओरडा करून दमलो. "काहीतरी बोला," मी म्हटलं. ते म्हणाले, "वाईट नव्हतं." त्यांच्याकडे म्हणच आहे, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालंच. आमच्याकडे उलटं. जवळच्या माणसाचं कौतुकही शिवीनेच सुरू होतं.

या सगळ्यात एक माणूस आहे, फ्रांक श्मिट. जन्म हायडेनहाइमचाच, १९७४ चा. बाहेरच्या क्लबांत खेळून गावात परत आला, बचावात खेळला, निवृत्त झाला. २००७ च्या सप्टेंबरात कोचची जागा रिकामी झाली तेव्हा तात्पुरतं सांभाळ म्हणून त्याला उभं केलं. क्लब तेव्हा चौथ्या पायरीवर होता. हा तात्पुरता माणूस २०२५ उजाडलं तरी तिथेच होता. फ्राइबुर्गच्या फोल्कर फिंकेचा सोळा वर्षांचा विक्रम त्याने कधीच मागे टाकला. जर्मन फुटबॉलमध्ये चार सामने हरले की कोच बदलतात, आणि इथे गावातला माणूस गावातच राहिला म्हणून त्याच्यावर लेख लिहिले जातात. मला त्या लेखांचं हसू येतं. आमच्या तालमींत वस्ताद बदलायची पद्धतच नाही.

पुढची दोन वर्षं भराभर गेली. ६ एप्रिल २०२४ ला बायर्न म्युनिक टेकडीवर आलं. मध्यंतरापर्यंत ०-२. मग ५०व्या आणि ५१व्या मिनिटाला दोन, ७९व्याला तिसरा. ३-२. पंधरा हजारांचं स्टेडियम, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गाव मावेल एवढं. त्या दिवशी मी आत नव्हतो. तिकीट मिळवायला सभासद असावं लागतं आणि सभासदाला नशीब लागतं. आठव्या नंबरावर मोसम संपला आणि युरोपात खेळायला मिळालं. नोव्हेंबरात चेल्सी तोच चढ चढून आली आणि २-० ने जिंकून गेली. खेळाडू बसने आले असतील, पण मला आपलं चढताना दमलेले दिसतात. २०२५ च्या मे महिन्यात पाय घसरला, वर्गात टिकायला एल्फर्सबेर्गशी दोन सामने खेळावे लागले. एल्फर्सबेर्ग तर हायडेनहाइमपेक्षा कितीतरी लहान. घरी २-२, तिकडे ९५व्या मिनिटाच्या गोलवर २-१. सहकाऱ्यांचा मेसेज आला, "वाईट नव्हतं."

मधल्या काळात शाल धुऊन धुऊन फिकी पडली. डिसेंबरात घरी आलो तेव्हा बॅगेत होती. पहाटे अंगणात सडा टाकायला निघालेल्या आईने हाताला लागली ती गुंडाळली, म्हणजे शाल खांद्यावर घेतात तशीच घेतली. आकड्याचं टोक पुढे आलं होतं. कपबशी घेऊन पायरीवर बसल्यावर तिने ते चष्म्याशिवाय लांब धरून वाचलं.

"अठराशे शेहेचाळीस? हे कुणाचं साल रे?"

"तालमीचं."

"असं होय," म्हणाली आणि बशीतला चहा फुंकून प्यायला लागली.