पत्रा पडला तेव्हा

आज दुपारी शेजारच्या गच्चीवरून पत्रा पडला. मामा जेवत होते. ताट भिरकावून उठले आणि माझ्या लेकीला दंडाला धरून फरफटत अंगणात नेलं. ती रडायला लागली तर तिच्यावरच खेकसले. मग बराच वेळ ओट्यावर बसून होते. हात थरथरत होते, बोटांना वरण-भात तसाच.

मामा किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, भूकंपाची. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपेत, आणि दगडमातीची घरं अंगावर आली.

लहानपणी आम्ही त्यांना तापट म्हणायचो. आज वाईट वाटतं. असा धक्का बसला की मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डला, नंतर जरा खुट्ट झालं तरी पेटू शकतो. 'थांब, बघ आधी' म्हणणारा कपाळामागचा भाग तेवढ्या वेळात पोचतच नाही. हात आधी उठतो, भान मागून येतं. पण पोरीच्या दंडावर वळ उठलेत, हेही खरंच.

संध्याकाळी मामांनीच तिला जवळ घेतलं. "लागलं का गं बाळा?"
"आजोबा, नुसता पत्रा होता."

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ या म्हटलं. इतक्या वर्षांत घरात कुणीच हे बोललं नव्हतं. मामा म्हणाले, "तू येशील ना बरोबर?"