आमची वाटचाल : कागदी विमानांच्या काचा

खऱ्या विमानाच्या हुबेहूब कागदी मॉडेलचं धड, पंख, चाकं, अगदी वैमानिकाची खुर्चीसुद्धा कागदातून करता येते. अडतं ते कॉकपिटच्या काचेपाशी. कागद घ्या नाहीतर पारदर्शक प्लॅस्टिकची शीट, ती एका वेळी एकाच दिशेनं वळते. तिची नळी होईल, शंकू होईल, पण बुडबुडा होणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेनसारखी पट्ट्यापट्ट्यांची चौकट असेल तर सपाट तुकडे जोडून बरंचसं भागतं. मस्टँग पी-५१डीचा किंवा आपल्या नॅटचा फुगीर घुमट आला की शीट तापवून त्या आकाराच्या ठोकळ्यावर ताणावीच लागते. अशा काचा करून विकण्याचा आमचा सगळा उद्योग या एका अडचणीवर उभा आहे.

आम्ही नाशिकचे. माझे वडील, अण्णा, अंबड-सातपूरच्या कारखान्यांना ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात ते नमुने, करून द्यायचे. कागदी विमानांचा नाद माझा. काचेसाठी सागवानाचा ठोकळा हवा म्हणून मी अण्णांकडे गेलो, आणि हा माणूस निवृत्तीनंतर पुन्हा पटाशी घेऊन बसला. बिडाचा पॅटर्न शंभराला एक या हिशेबानं मोठा करायचा, कारण धातू थंड होताना आकसतो, हे त्यांच्या हातात मुरलेलं. इथे उलटं. शीट ठोकळ्याच्या बाहेरून बसते, म्हणून ठोकळा शीटच्या जाडीइतका सगळीकडून बारीक हवा. "म्हणजे आता उलटा हिशेब शिकायचा," असं म्हणत त्यांनी कॅलिपर उचलला. अण्णा आता नाहीत. त्यांनी केलेले ठोकळे मात्र आजही रोज वापरात आहेत.

आमचं यंत्र म्हणजे प्लायवूडची एक पेटी. वरच्या फळीला एक-एक मिलिमीटरची भोकं, कडेला रबराची पट्टी आणि बाजूला घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. दोन चौकटींमध्ये पीईटीजी या पारदर्शक प्लॅस्टिकची अर्ध्या मिलिमीटरची शीट बाइंडर क्लिपांनी आवळायची आणि ओटीजीमध्ये (घरातल्या विजेच्या भट्टीत) तापवायची. शीट आधी लाटांसारखी वेडीवाकडी होते, मग ताठ होते आणि मग मध्यभागी एकसारखी खाली झोळते. ही झोळ आली की चौकट बाहेर काढून थेट ठोकळ्यावर दाबायची. क्लीनर आधीच चालू हवा. दोन-तीन सेकंदांत काम आटोपतं, नंतर जोर लावून काही उपयोग नाही.

लोक विचारतात, व्हॅक्यूम पंप का नाही घेतला? क्लीनर वातावरणाच्या दाबाच्या साधारण पाचव्या भागाइतकीच ओढ देतो, पण हवा भराभर काढतो. पंप ओढतो जोरात, पण सावकाश. तोवर पातळ शीट गार होते, म्हणून पंपाला मोठी टाकी जोडावी लागते. ३३ पट लहान विमानाची काच हातभर नसते, तिला क्लीनर पुरतो. हे प्रमाण पोलंडमधल्या कागदी मॉडेलांमुळे रूढ झालं आणि आमचे बहुतेक ठोकळे त्याच मापाचे आहेत. सव्वासात मीटरहून थोडा कमी पंख असलेला मिग-२१ या मापात पावणेबावीस सेंटिमीटरच्या आत बसतो, टेबलावर ठेवायला अगदी बेताचा.

पीईटीजीवर आम्ही ठाम आहोत. पॉलिकार्बोनेट मजबूत खरं, पण ते हवेतली ओल धरतं. आधी तासन्‌तास सुकवलं नाही तर तापवताना आत बुडबुडे येतात, आणि नाशिकच्या आषाढ-श्रावणात हा उपद्व्याप घरी परवडत नाही. झेरॉक्सच्या दुकानातली पारदर्शक ओएचपी शीट सपाट खिडक्यांना उत्तम, पण घुमटाला निरुपयोगी. ती बनतानाच दोन्ही दिशांनी ताणलेली असते. उष्णता लागली की ती झोळत नाही, चुरगळत आकसते.

हाच गुण पाण्याच्या बाटलीत मात्र कामाला येतो. घरी एकच काच करायची असेल तर पेटी-बिटी काही करू नका. बाटलीचा तळ कापा, ठोकळा आत सरकवा, खालून लाकडाच्या पट्ट्यांची पाचर मारा आणि हीट गन फिरवत राहा. बाटली आकसत ठोकळ्याला घट्ट बसते. लांबट, अरुंद काचेला ही रीत झकास.

ठोकळ्याच्या पृष्ठभागावर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. सागवानाचे रेषे पारदर्शक काचेत आतून उमटतात, म्हणून लांबी (पुट्टी) भरायची, घासायची, पुन्हा भरायची. पण आरशासारखी चकाकी आणायची नाही. फार गुळगुळीत झालं की हवा खाली अडकते आणि काचेवर खळगे पडतात. शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा, हलकासा मॅट. ठोकळ्याखाली चार-पाच मिलिमीटरचा चौथराही हवा. पेटीजवळ शीट बाहेर पसरते, तो भाग चौथऱ्यावरच राहतो आणि कापायची रेघ स्वच्छ मिळते. थ्रीडी प्रिंटचे ठोकळे गिऱ्हाइकं पाठवतात. त्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे तापलेल्या शीटखाली धारा बसतात. रेझिनचा ठोकळा चालतो.

ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात) नोकरी केलेले एक काका आमच्याकडे आले, तो दिवस आमच्यासाठी मोठा. १९६४ पासूनचा तो कारखाना, तिथेच मिग-२१ बांधले गेले. त्यांना नातवासाठी मिग-२१ बिस, म्हणजे त्या विमानाचा नंतरचा प्रकार, हवं होतं, काच उघडी ठेवलेलं. म्हणाले, "पुढे नको हं उघडू, बाळा. पुढे उघडायची ती आधीची. आमची उजवीकडे कलायची." मिग-२१च्या सुरुवातीच्या एफ-१३ प्रकाराला पुढची काच आणि घुमट एकत्रच पुढे उचलला जायचा. नंतरच्या प्रकारांत पुढची काच धडालाच पक्की झाली. म्हणून आम्ही दोन भाग केले. पुढची काच सपाट तुकड्यांची, ती ओएचपी शीटमधून, आणि मागचा घुमट ठोकळ्यावरून. काकांनी बिजागरीची बाजू बोटानं दोनदा तपासली आणि मगच पैसे काढले. तेव्हापासून काचेच्या पाकिटात ती कुठल्या बाजूला उघडते याचं छोटं चित्र असतं. ही अचूकता आम्ही कधीच सोडणार नाही.

काच विकत घेणाऱ्याला ती घरी कशी करायची हेही आम्ही सांगतो. एका व्यापाऱ्यानं बजावलं होतं की असं केलंत तर धंदा बसेल. तसं काही झालं नाही. ज्यानं स्वतः एक काच ओढून पाहिली, तोच पुढे अवघड घुमटासाठी आमच्याकडे येतो.

पाकिटात काचा दोन असतात, कारण कापताना एखादी चिरते. घाई करू नका. काच ठोकळ्यावर किंवा मातीच्या गोळ्यावर बसवा, रेघेवर मास्किंग टेप लावा आणि नव्या ब्लेडनं हलक्या हातानं पुन्हापुन्हा रेघ ओढा. चिकटवताना सुपरग्लू मुळीच नको. त्याची वाफ काचेवर पांढरट धुकं धरते आणि आतून ते पुसता येत नाही. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद सुईच्या टोकानं लावा. तो वाळला की दिसत नाही, पण पातळ थर द्या, नाहीतर त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो. काच बसवण्याआधी ती साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, कारण थंडीच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिक धूळ ओढतं आणि आत अडकलेला कण कायमचा राहतो.

सध्या मरुतचा ठोकळा हातात आहे. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळुरूला घडलेलं आणि १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं हे आपलं लढाऊ विमान. त्याची काच मागणारे वाढत आहेत. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर विमानाचा नकाशा पाठवू नका. तुम्ही चिकटवलेल्या कागदी धडावर काचेची जागा जशी झाली आहे, तिची बाह्यरेघ ट्रेसिंग पेपरवर काढून मापासकट पाठवा. कागद प्रत्येकाच्या हातून अर्धा-एक मिलिमीटर वेगळा जुळतो, आणि आमची काच त्या धडावर बसायची असते.